भांड्यात काय घातलंस?

माझ्या वडिलांचा उजवा डोळा माझ्या सख्ख्या आत्यानं फोडला. भर दुपारी, जेवणाच्या ताटावर. मी दारातच उभी होते. त्याला आता अकरा वर्षं झाली, तरी लोक मला आडून आडून विचारतात, की तू कुणाच्या बाजूची? मी म्हणते, आधी सगळं ऐका, मग विचारा. ऐकल्यावर बहुतेक जण विचारत नाहीत.

आत्या बाबांपेक्षा आठ वर्षांनी मोठी. आईबाप गेले तेव्हा ती पंधराची, बाबा सातचे. तिनं धुलाईच्या कारखान्यात काम धरलं आणि भावाला वाढवलं. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी ट्रक भरभरून तिथं यायच्या. खाली भट्ट्या, मधल्या मजल्यावर इस्त्रीखाना, आणि वर उघडी गच्ची. गच्चीवर तारांच्या रांगा. तिथं आत्यानं तीस वर्षं ओल्या चादरी पिळल्या, टाकल्या, काढल्या. खाली तापलेला सिमेंटचा कोबा, चहूकडे पांढरं कापड, वर ऊन. गच्चीवरच्या बायकांच्या नाकाची सालं निघायची, गालांवर वांग उतरायचे.

आत्या मुळात काळी. तिच्या नवऱ्याला ते लग्नाआधी दिसत होतं, पण राग लग्नानंतर आला. तो दारू प्यायचा नाही. पूर्ण शुद्धीत मारायचा आणि मग हात धुऊन जेवायला बसायचा. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्यानं तिचे केस धरून मान मागे वाकवली आणि कारखान्यातून आणलेलं ब्लीच तिच्या तोंडावर ओतलं. म्हणाला, "बघू तरी, उजळतेस का." तिनं डोळे घट्ट मिटले, तोंड फिरवलं, म्हणून चेहरा वाचला. डाव्या कानापासून गळ्यापर्यंतची कातडी मात्र सोलली. ती तशीच उठली, मोरीतलं धोपाटणं उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. एकदा नाही. हाड मोडल्याचा आवाज शेजारणीनं भिंतीपलीकडून ऐकला असं ती सांगायची. नवरा त्याच दिवशी गेला तो गेलाच. आत्या म्हणायची, माझा संसार एका धुण्यात स्वच्छ झाला.

त्या भाजलेल्या जागेला ऊन सोसेना. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरनं तिला झिंक ऑक्साइडची पांढरी पूड दिली आणि तेलात कालवून लाव म्हणाला. नुसत्या तेलात ते ओघळायचं. मग तिनं मेण वितळवून पाहिलं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात छोटं पातेलं धरून मेण आणि तेल पातळ करायचं, पूड गाळून गाळून घालायची आणि थंड होईतो ढवळत राहायचं. गुठळी राहिली की कातडीवर ऊन लागायला भोक राहिलं, असं तिचं गणित. गच्चीवर ती नाकाला, गालांना, गळ्याला पांढरे पट्टे ओढून उभी राहायची. मुकादमानं तिचं नाव ठेवलं पांढरी. काळ्या बाईला पांढरी म्हणण्यात त्याला गंमत वाटली. पुढे गंमत गेली आणि नाव राहिलं. मग गच्चीवरच्या सगळ्याच बायका पट्टे ओढून कामाला यायला लागल्या आणि आत्या रविवारी डब्या भरायला लागली.

डबी देताना ती दर वेळी तेच सांगायची. बाजारच्या बाटलीवर ऊन किती अडतं त्याचा आकडा असतो, तसला माझ्या डबीवर नाही, तो मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. दर दोन तासांनी लावा, डोक्यावर कापड घ्या, आणि ज्याला परवडेल त्यानं सरळ दुकानातली घ्या. अशी विक्री करणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

माझी आई मी सात वर्षांची असताना वारली. आमची आणि आत्याची खोली एका भिंतीची, त्यामुळे मी दोन्ही घरांत वाढले. बाबा कारखान्याचा ट्रक चालवायचे. तापट. मुकादमानं एकदा उशीर झाला म्हणून आईवरून शिवी दिली, तेव्हा बाबांनी त्याचं डोकं ट्रकच्या दारावर आपटलं. दोन टाके पडले मुकादमाला, आणि बाबांची नोकरी गेली. चार महिने घरी बसल्यावर ते आत्याला म्हणाले, तू कर, मी विकतो. आत्याला बरं वाटलं. रिकाम्या भावाच्या हाताला काम मिळालं.

विकायला बाहेर पडल्यावर बाबांना कळलं, की गच्चीबाहेरच्या जगाला उन्हाची फिकीर नाही, रंगाची आहे. दारोदार एकच प्रश्न: यानं गोरं होतं का? बाबा घरी येऊन सांगायचे, ताई, उजळेल असं काहीतरी घाल. पहिल्या वेळी आत्यानं गळ्यावरचा तो चट्टा त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, हे बघ, उजळलंय. बाबा पिशवी उचलून परत विकायला गेले. पण मग गच्चीवरच्या बायकाही तेच म्हणायला लागल्या. ए पांढरे, वांग जातील असं काही घाल की गं. वांग जावेत ही मागणी आत्याला पटली. तो तर उन्हानं केलेला डाग, तो काढण्यात काय वाईट?

त्यानंतर वर्षभर तिनं जे केलं ते मी जवळून पाहिलं. जे काही मिसळायचं ते आधी स्वतःच्या डाव्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत पेनानं चौकोन आखलेले, प्रत्येकात वेगळं मिश्रण. कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबाचा रस घातला. तो चौकोन घेऊन ती गच्चीवर उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिथं फोड आला, फोड फुटून काळा डाग पडला. तो हात तिनं सगळ्या बायकांपुढून फिरवला. घरी लिंबू चोळणाऱ्या दोघी तिथंच ओशाळल्या. ज्येष्ठमधाची पूड घातली, तिनं काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही. मग कंपाउंडरनं नायसिनामाइड नावाची, वांग फिके करणारी पूड मागवून दिली. शंभराला चार, त्याहून जास्त नाही, असं बजावलं. ती मेणात विरघळेना. पाणी घालावं तर आठ दिवसांत डबीत बुरशी. दोन पातेली तिनं मोरीत ओतली. शेवटी टिकवायचं औषध आणलं, काटा आणला, तेल आणि पाणी फुटू नये म्हणून लागणारं वेगळं मेण आणलं, आणि एक क्रीम जमलं. तीन महिने लावल्यावर वांग फिके झाले. गेले नाहीत, फिके झाले.

"तीन महिने?" एक बाई म्हणाली. "तीन महिन्यांत तर लग्न होऊन दिवस जातात."

बायका हसल्या, आत्याही हसली. बाबांना हसू आलं नाही. त्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालं. बाबा म्हणाले, तुझ्या पुडीला कुत्रं विचारत नाही. आत्या म्हणाली, कुत्र्याला कशाला लावायची. बाबांनी भरलेली बरणी भिंतीवर फेकली. काचेचा तुकडा माझ्या पायात घुसला. आत्यानं तो काढला, पट्टी बांधली आणि बाबांच्या एक कानाखाली वाजवली. चाळिशीचा माणूस बहिणीपुढे गाल धरून उभा राहिला. त्यानंतर ते शांत झाले. इतके शांत, की आम्हाला शंका यायला हवी होती.

महिन्याभरानं बाबांनी मला एक डबी दिली. म्हणाले, आत्याचं नवीन पातेलं आहे, जरा दाट जमलंय, रोज रात्री लाव. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, इस्त्रीखान्यात कामाला. तीन आठवड्यांत माझा चेहरा असा उजळला, की आरशात मी मलाच ओळखीना. मुरमं गेली, डाग गेले, कातडी काचेसारखी तुकतुकीत. बाबा मला सुट्टीच्या दिवशी बरोबर घेऊन जायला लागले. दार उघडलं की मला पुढे करायचे: ही माझी मुलगी, दोन महिन्यांपूर्वी हिला बघायला हवं होतं. मला ते आवडायचं, हे मी लपवत नाही. उभ्या जन्मात कुणी माझ्या तोंडाकडे दोनदा पाहिलं नव्हतं.

आत्यानंही पाहिलं. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, बघ, शेवटी प्रमाण जमलं. स्वतःच्या हातावरचे चौकोन मात्र उजळले नव्हते, तरी म्हणाली. म्हाताऱ्या कातडीला वेळ लागतो, असं तिनंच स्वतःला समजावलं. वर्षभर खपलेल्या माणसाला यश आलेलं हवं असतं. त्या दिवशी तिनं अजून एक प्रश्न विचारला असता तर पुढचं टळलं असतं. हे माझं मत नाही, तिचं आहे. तिनं ते न्यायाधीशासमोरही सांगितलं.

मी जिला पहिली डबी दिली ती इस्त्रीखान्यातली माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या हातात मी डबी ठेवली, पैसेही घेतले नाहीत. दीड महिना ती कौतुकानं फिरली. मग तिच्या डोळ्यांखाली सूज यायला लागली. सकाळी चपला चढेनात इतके पाय सुजायचे. क्रीम लावायचं विसरलं तर चेहरा विस्तवासारखा भडकायचा, म्हणून ती दुप्पट लावायची. गाल लाल, त्यावर पुवाचे फोड, वरच्या ओठावर लव. एका सकाळी ती इस्त्रीच्या टेबलावर कोसळली, गरम इस्त्री तिच्या हाताला चाटून गेली. दवाखान्यात सांगितलं, मूत्रपिंडाला इजा आहे. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं.

तिचे दोन भाऊ ट्रकतळावर हमाली करायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते आत्याच्या खोलीत शिरले. आत्या पातेलं ढवळत होती, मी डब्या पुसत होते. थोरल्यानं स्टोव्ह लाथेनं उडवला. उकळतं पाणी माझ्या घोट्यावर आलं. धाकट्यानं फळी खाली ओढली, बरण्या फुटल्या, काटा भिंतीवर आपटून वाकडा केला. आत्या उठून उभी राहिली आणि म्हणाली, काय झालं ते तरी सांगा. थोरल्यानं तिला केसांनी धरून खाली पाडलं.

"बहिणीला लावलंस ना," तो म्हणाला, "आता तू खा."

त्यानं बाजूला काढलेल्या पातेल्यातलं कोमट क्रीम ओंजळीनं तिच्या तोंडात कोंबलं. ती गुदमरली, ओकली, त्यानं परत कोंबलं. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते, तर धाकट्यानं मला ढकललं ते मी मोरीच्या कठड्यावर जाऊन पडले. मग थोरल्यानं आत्याचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि बुटाच्या टाचेनं बोटांवर उभा राहिला. तीन बोटं मोडली. आत्या ओरडली नाही. ती फक्त विचारत राहिली, तोंडात क्रीम असल्यानं शब्द नीट येत नव्हते, तरी मला कळत होतं: तिला काय झालं, पोरीला काय झालं. शेजारी जमले, कुणी मध्ये पडलं नाही. निम्म्या घरांत आमच्या डब्या होत्या. जाताना थोरला भाऊ दारात रडला, हे मी पाहिलं.

बाबा सकाळीच बाहेर पडले होते, मालाच्या पिशव्या घेऊन.

मी आत्याला दवाखान्यात नेलं. हात प्लॅस्टरमध्ये घालत असताना तरुण डॉक्टरीण आत्याच्या हाताकडे पाहायचं सोडून माझ्याकडेच पाहत होती. तिनं मला दिव्याखाली बसवलं, चिमटीनं गाल धरला, ओल्या कापसानं हलकेच पुसलं. कापसावर रक्त आलं. विचारलं, कुठली ट्यूब लावतेस?

"ट्यूब नाही," मी म्हणाले. "आत्याच्या हातचं क्रीम."

डॉक्टरीण म्हणाली, हा चेहरा स्टिरॉइडचा आहे, महिनोन्‌महिने लावल्यावरच असा होतो, कातडी कागदासारखी पातळ झाली आहे. आणि आमच्या इथं वरच्या मजल्यावर एक मुलगी आहे, तिच्या अंगात पारा सापडलाय, तीही कुठलंतरी घरगुती क्रीम लावत होती. मग तिनं आत्याकडे वळून सरळ विचारलं, की बाई, तुम्ही त्यात पारा घालता का?

आत्याचं प्लॅस्टर अजून ओलं होतं. तिनं डाव्या हातानं माझ्या गालावरचं रक्त टिपलं. मग स्टुलावरून उतरली आणि चालायला लागली. डॉक्टरीण मागून हाका मारत राहिली. रस्त्यात ती कुठंही थांबली नाही. पायात चप्पल नव्हती, ती सकाळच्या झटापटीत कुठंतरी गेली होती, तरी मला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागलं. रात्रभर ठेवलेल्या पातेल्यात हात घालणारं घरात दुसरं होतं कोण?

बाबा परतले होते. आत्याच्या खोलीतली मोडतोड त्यांनी पाहिली असणारच, दार उघडंच होतं. तरी ते आमच्या खोलीत जेवायला बसले होते. आत्या आधी आत गेली आणि त्यांच्या खाटेखालची पत्र्याची पेटी डाव्या हातानं ओढली. आत पिळून चपट्या केलेल्या मलमाच्या ट्यूबा होत्या, पन्नाससाठ. आणि एक काळी बाटली, चिठ्ठी नसलेली, तळाशी करडी पूड. आत्यानं पेटी त्यांच्या ताटाशेजारी उपडी केली.

"भांड्यात काय घातलंस?"

बाबा म्हणाले, आधी बस, हाताला काय झालं ते सांग.

"भांड्यात काय घातलंस?"

"लोकांना हवं ते घातलं," बाबा म्हणाले. घास तोंडात होता. "तुझ्या हातून झालं नाही ते मी केलं. नाव तुझंच झालं ना?"

"आणि पोरीच्या तोंडाला?"

"तिच्या तोंडामुळंच तर विकलं गेलं." ते माझ्याकडे बघून हसले, कौतुकानं हसले. "लाख मोलाचं तोंड आहे."

आमच्या चुलीपाशी लोखंडी सळई असायची, झाकण उचलायला वाकवलेली. आत्यानं ती डाव्या हातानं घेतली. पहिला फटका कपाळावर बसला. बाबा ताटावर कोलमडले, उठायला गेले, दुसरा कानावर. ते म्हणाले, "ताई, मी तुझा—" आणि तिसऱ्या फटक्याला सळईचं वाकडं टोक डोळ्यात गेलं. तो आवाज मी कुणाला सांगितलेला नाही आणि इथंही सांगणार नाही. रक्त भिंतीवर उडालं, माझ्या ओढणीवर उडालं. आत्या मारतच राहिली, खांद्यावर, पाठीवर, गुडघ्यांवर. मी तिच्या कमरेला मिठी मारली तेव्हा तिनं मलाही कोपरानं हाणलं, माझा दात हलला. ती थांबली ती मी अडवलं म्हणून नाही. डाव्या हातातलं बळ संपलं म्हणून. सळई तिच्या हातून गळली. ती भावाशेजारी जमिनीवर बसली, त्यांचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि ओल्या प्लॅस्टरच्या हातानं रक्त दाबून धरलं. मला म्हणाली, पळ, गाडी बोलाव, हा मरायला नको.

ते मेले नाहीत. डोळा गेला, एक गुडघा कायमचा आखडला.

खटल्यात बाबांनी सांगितलं, की क्रीम बहिणीचं, पातेलं बहिणीचं, मला विकण्यापलीकडे काही ठाऊक नाही. औषधाच्या दुसऱ्या दुकानदारानं ट्यूबा आणि पाऱ्याची ती पूड कोण न्यायचं ते सांगितलं म्हणून त्यांना आठ महिने मिळाले, नाहीतर सुटलेच असते. आत्याच्या वकिलानं तिला पढवलं होतं, की सकाळच्या मारामुळं भान हरपलं होतं असं सांग. ती उभी राहिली आणि म्हणाली, भान पूर्ण होतं. डोळा मी फोडला. आणि पातेलं माझं होतं, त्यात काय पडतंय हे बघणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. तिला चार वर्षं सक्तमजुरी झाली. त्या दोघा भावांना सहा सहा महिने. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला ती तयार नव्हती, ती मी दिली. त्याबद्दल आत्या माझ्याशी दोन भेटी बोलली नाही.

तुरुंगात तिची कीर्ती तिच्या आधी पोचली होती. बराकीतल्या एका दांडग्या बाईनं तिला पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यात गाठलं आणि म्हणाली, आम्हालाही गोरं कर. आत्याला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. कुणाकडून तरी सामान आत आणायची तयारी होती. आत्या नाही म्हणाली, तेव्हा त्या बाईनं तिचं डोकं नळावर आपटलं. पुढच्या महिन्यात परत विचारलं, परत नाही, परत मार. एका भेटीत आत्या जाळीपलीकडून फुटलेल्या ओठानं मला सांगत होती आणि मध्येच हसली. म्हणाली, बाहेर लोक पैसे देऊन मागतात, इथं मारून मागतात, पण मागतात तेच.

माझं इकडे वेगळं चाललं होतं. क्रीममधलं ते स्टिरॉइड एकदम बंद केलं की चेहरा पेटतो. डॉक्टरीणबाईंनी ते हळूहळू सोडवलं, तरी पहिलं वर्ष मी उशी ओली करून झोपले. पू, खाज, आग. एका रात्री मी नखांनी स्वतःचा गाल ओरबाडून काढला, त्याची खूण अजून आहे. दोन वर्षं तोंडाला कापड बांधून इस्त्री केली.

आत्या सुटून आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मुलगी आली. इस्त्रीवाली. चार वर्षांत औषधांनी तिचा जीव सावरला होता, पण चेहरा सुजट आणि डागाळलेलाच होता. ती दारात उभी राहिली, आत्या समोर गेली, आणि तिनं आत्याच्या मुस्कटात मारली. मग दुसऱ्या गालावर. आत्या हात मागे धरून उभी होती. पाच की सहा झाल्यावर मुलगी दमली. आत्या म्हणाली, पाणी पितेस? मुलीनं पाणी प्यायलं, पेला भिंतीवर फेकला आणि निघून गेली. आठवड्यानं परत आली. या खेपेला मारलं नाही. बसली आणि म्हणाली, तुम्हाला कातडीचं एवढं कळतं, तर मग सांगा, यावर काय लावू?

"काही लावू नको," आत्या म्हणाली. "मला काही कळत नव्हतं. चल, त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या दोघी दवाखान्यात जातात, एका छत्रीत. बाहेरच्या बाकावर कधी मुलीचा थोरला भाऊ बसलेला असतो. तो आत्याकडे बघत नाही, आणि आत्या मोडकी बोटं पदराखाली झाकून घेते, म्हणजे त्याला ती दिसू नयेत.

आत्या परत गच्चीवर लागली. डब्या नाहीत, पातेलं नाही. कुणी विचारलं तर दुकानातली सीलबंद बाटली घ्या म्हणते, नाहीतर कापड गुंडाळा.

गेल्या उन्हाळ्यात मला बाबा बाजारात दिसले. आम्ही दोघी त्यांच्याशी बोलत नाही, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. पेठेच्या तोंडाशी टेबल मांडून बसले होते, काळा चष्मा, पुढे हिरव्या तेलाच्या बाटल्या. केस वाढवायचं घरगुती तेल. एक बाई आपल्या मुलीच्या डोक्यावर हात फिरवत चौकशी करत होती. मी पुढे झाले आणि विचारलं, यात काय घातलंय? त्यांनी मान वर केली. आवाजावरून ओळखलं असावं. म्हणाले, "तुला काय करायचंय?"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मी टेबल उलथवलं. बाटल्या फुटल्या, फुटल्या नाहीत त्या मी दगडावर आपटून फोडल्या. लोक बाजूला झाले. बाबा उठले, आखडलेल्या पायावर झोक सांभाळत त्यांनी हात उगारला, मी तो वरच्या वर धरून पिरगाळला. ते तेलात घसरून खाली पडले, चष्मा निघाला. ती खाच मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघडी पाहिली. ते खालून म्हणाले, "आत्यावरच गेलीस."

मी घरी येऊन आत्याला सांगितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. ती चादरीच्या घड्या घालत होती, वाकड्या बोटांनी कडा जुळवत होती.

"तेलात काय होतं?" तिनं विचारलं.

"ते काय घालणार? घातलं असेल काहीतरी."

"बघितलंस?"

मी चादरीचं टोक धरलं. दुसऱ्या दिवशी तिनं एका शेजारणीला पाठवून त्याच तेलाची बाटली विकत आणवली. ती डॉक्टरीणबाईंच्या ओळखीनं तपासायला दिली. पंधरा दिवसांनी कागद आला. साधं तेल, थोडा रंग, थोडा वास. केस वाढणार नाहीत आणि गळणारही नाहीत.

आत्यानं तो कागद दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "जा, सांगून ये त्याला. तू चुकलीस म्हणून."

मी दोन दिवस घालवले. मग गेले. बाबा त्याच जागी होते, टेबलावर आता निम्म्याच बाटल्या. मी सांगितलं, तेलात काही नव्हतं, मी न बघता फोडलं, माझं चुकलं. त्यांनी एक बाटली पुसून जागेवर ठेवली. विचारलं, तिनं पाठवलं? मी हो म्हणाले.

"तिला म्हणावं, डोळा परत दे."

मी तिथून निघाले.  घरी आत्यानं विचारलं, काय म्हणाला?

"काही नाही म्हणाले."

"खोटं बोलतेस," आत्या म्हणाली. तिनं डोक्याला कापड बांधलं, मागची गाठ तिला तिच्या बोटांनी घालता येत नाही म्हणून माझ्याकडे पाठ केली. मी गाठ मारली, आणि ती कामावर गेली.